धर्माच्या चर्चेत एवढे नास्तिक येतात कुठून?

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

नमस्कार मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतीय, नीट उत्तर कुठं मिळंना म्हणून इथं विचारतो. देव, धर्म, नवस, कर्मकांड असला कुठलाही विषय ऑनलाईन निघाला की लिहिणाऱ्यात निम्मे तरी नास्तिक असतात. म्हणजे ते स्वतःच सांगतात, मी देव मानत नाही म्हणून. आणि त्यांचं लिहिणंही पक्कं असतं, कुठल्या ग्रंथात काय आहे, कुठल्या संतानं काय सांगितलंय, कायद्यात काय आहे, सगळं तोंडपाठ. आस्तिक बाजूनं एकदोघं येतात, ते चिडतात, आमच्या भावनांशी खेळू नका म्हणतात आणि निघून जातात, की चर्चा परत नास्तिकांच्यातच चालू.

आता फोन बाजूला ठेवून बाहेर बघितलं तर काय दिसतं? शनिवारी मारुतीला रांग, गुरुवारी दत्ताच्या देवळात गर्दी, दासनवमीला सज्जनगडावर पाय ठेवायला जागा नाही, गोंदवल्याला प्रसादाला पंगतीवर पंगती. आमच्या ऑफिसात मी देव मानत नाही असं तोंडावर सांगणारा एकच माणूस होता, तो रिटायर होऊन पुण्याला गेला. मग ऑनलाईन हे एवढे येतात कुठून? ते खरंच एवढे आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत, का थोडेच आहेत पण तेच तेच सगळीकडं लिहितात?

मला कुणाची बाजू घ्यायची नाही. मी देव मानतो पण रोज पूजाअर्चा करणाऱ्यातला नाही. विचारायचं कारण वेगळंय. माझा भाचा कराडला कॉलेजात आहे, धर्माबद्दल जे काय वाचतो ते फोनवरच वाचतो, आणि त्याला वाटायला लागलंय की डोकं चालवणारी सगळी माणसं नास्तिक असतात आणि घरातली सगळी अडाणी. आजी देवासमोर बसली की हा उठून बाहेर जातो, तिच्याशी धड बोलत नाही. त्यामुळं हे चित्र खरं किती आणि भास किती हे मला मनापासून समजून घ्यायचंय.

---

हळदपेठ (सांगली)

प्रश्न चांगलाय. आधी आकडे बघू, कारण त्याशिवाय आपण नुसते अंदाज मारत बसू.

२०११ च्या जनगणनेत १२१ कोटीत स्वतःला नास्तिक म्हणवणारे निघाले देशभरात ३३ हजारांच्या आसपास. त्यातले साडेनऊ हजारांच्या वर एकट्या महाराष्ट्रात. धर्म सांगितलाच नाही असे २८ लाखांच्या वर होते, ते वेगळे, पण तेही टक्क्याच्या पाव भागाच्या आतच. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहणी करणाऱ्या संस्थेनं २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३० हजार लोकांना घरी जाऊन प्रश्न विचारले होते, त्यात देव मानतो म्हणणारे ९७ टक्के. म्हणजे खरोखर बघितलं तर देव न मानणारा माणूस शंभरात तीन सुद्धा भरत नाही.

पण हे आकडे कसे गोळा होतात ते पण बघितलं पाहिजे. जनगणनेवाला दारात येतो, बहुतेक शाळेतले गुरुजी नाहीतर बाई असतात, आणि घरातला एक माणूस सगळ्यांची माहिती सांगतो. फॉर्मवर हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन यांना एक ते सहा नंबर दिलेले, त्यापलीकडं काही असेल तर शब्दात लिहायचं. आता वडील ओट्यावर बसून सांगतायत, "घरात सहा जण, हिंदू." आतल्या खोलीतल्या पोराला कोण विचारतंय? त्यामुळं ३३ हजार हा आकडा खरा असला तरी अपुरा आहे असं माझं स्पष्ट मत. पण अपुरा म्हणजे किती अपुरा? दसपट धरा, पन्नासपट धरा, तरी निम्म्या कमेंटी त्यांच्या येण्याएवढा होत नाही.

मग निम्म्या कमेंटी कशा? इंटरनेटवरच्या लिहिण्याबद्दल एक जुनं निरीक्षण आहे, जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेलं, की शंभरातले नव्वद जण नुसतं वाचतात, नऊ जण कधीतरी लिहितात आणि बरंचसं लिखाण एकट्यादुकट्याचं असतं. हे प्रमाण सगळीकडं तंतोतंत असंच असतं असं नाही, पण अंदाज बरोबर येतो. आता विचार करा, तो शंभरातला एक कोण असणार? ज्याला त्या विषयाची खाज आहे तो. ज्याचं देवाधर्माशी सगळं सुरळीत चाललंय तो "देव आहे का" असल्या चर्चेत रात्री अकरा वाजता कशाला येईल?

आणि अभ्यासाचं म्हणाल तर तेही खरंय. अमेरिकेत २०१० ला प्यूनंच धर्माविषयी ३२ प्रश्नांची चाचणी घेतली होती, लोकांची सरासरी १६ आली आणि नास्तिक-अज्ञेयवादी मंडळी २१ च्या आसपास, सगळ्यात वर. २०१९ ला परत घेतली तेव्हा ज्यू लोक वर गेले पण नास्तिक त्यांच्या मागोमागच होते. ती अमेरिका, इथं तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण कारण समजण्यासारखं आहे. घरात मिळालेली गोष्ट तशीच चालवायला वाचन लागत नाही, पण ती सोडायची म्हटली की दहा जण दहा प्रश्न विचारतात आणि दहाही उत्तरं तयार ठेवावी लागतात. तुमच्या भाच्याला एवढं जरूर सांगा की जास्त वाचलेला माणूस आणि जास्त शहाणा माणूस एकच असतो असं नाही.

---

तरडगावचा_माळकरी (ता. फलटण)

राम कृष्ण हरी. मुलानं टाईप करायला शिकवलंय, सावकाश लिहितो, चुका सांभाळून घ्या. आस्तिक का लिहीत नाहीत असा प्रश्न आहे तर मी माझ्यापुरतं सांगतो.

आमच्या गावात सप्ताह बसतो तेव्हा वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. दिवसरात्र पहारा. रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असतो म्हणून आम्ही म्हातारी माणसं घेतो, तशीही झोप कमीच. पहारा बदलताना आपल्या गळ्यातली वीणा काढून पुढच्याच्या गळ्यात घालायची आणि एकमेकांच्या पाया पडायचं. पुढचा विशीतला पोरगा असला तरी मी त्याच्या पाया पडतो, आणि तो कुठल्या घरातला, कुठल्या जातीचा हे त्यावेळी कुणी बघत नाही. त्या दोन तासात काय चर्चा करणार? देव आहे का नाही हा प्रश्न तेव्हा मनात येत नाही, आणि आला तरी वीणा खाली ठेवता येत नाही.

म्हणजे आमचा धर्म हा बोलायचा नाही, करायचा आहे. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, एकादशी, आषाढीला चालणं. तुम्ही ज्याला चर्चा म्हणता ती आमच्याकडं कीर्तनकार करतो, आम्ही ऐकतो, पटलं तर मान डोलवतो. आणि कीर्तनात नुसतं गोड बोलतात असं समजू नका. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातनंच बकरी कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला असं सांगितलं, समोर बसलेली हजारो माणसं देव मानणारीच होती. आता फोनवर कोण पंचविशीतला मुलगा तेच सांगतो आणि त्याला वाटतं हे आम्हाला पहिल्यांदाच ऐकू येतंय.

दुसरं. २०२० ला वारी चालली नाही, माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, लोणंदपासून बरडपर्यंत सगळी वाट मोकळी, चांदोबाच्या लिंबाला रिंगण नाही. माझ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं. देवळं मार्चपासून बंद ती दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्या वेळी आमचं सगळं भजनी मंडळ फोनवर आलं, रोज हरिपाठ फोनवर, एकाचा आवाज पुढं तर एकाचा मागं, टाळ तर जुळायचेच नाहीत, पण कुणी चुकवलं नाही. तेव्हापासून आमची माणसं फोनवर आहेतच. पालखीचा कुठलाही व्हिडिओ उघडा, खाली बघा, हजारो जणांनी राम कृष्ण हरी लिहिलेलं असतं, माऊली माऊली लिहिलेलं असतं. तो सगळा आस्तिकच आहे ना? पण त्याला तुम्ही चर्चेत धरतच नाही, मग मोजणीत आम्ही कमी दिसणारच.

आणि एक दुखरी गोष्ट सांगतो. मी एका चर्चेत चोखोबांबद्दल चांगलं दोन परिच्छेद लिहिलं होतं, त्यांची समाधी देवळाबाहेर पायरीशी का आहे, त्याचं वाईट आम्हा वारकऱ्यांनाही वाटतं, असं. त्यावर एकानं लिहिलं की म्हाताऱ्यांना धर्माची अफू चढलीय. वाचलं पण नव्हतं त्यानं. त्यानंतर मी तिथं गेलो नाही. माझ्यासारखे बरेच असतील.

---

घाटमाथा_विटेकर (जि. सांगली)

काका, तुम्हालाही राम कृष्ण हरी. ज्यानं तसं लिहिलं त्यानं चूकच केली, त्यात दुमत नाही. मी नास्तिक आहे आणि रात्री ऑनलाईन लांबलचक लिहिणाऱ्यातला आहे, तर माझ्या बाजूनं सांगतो.

आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. चंपाषष्ठीला घरात तळी भरायची असते. ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी, विड्याची पानं ठेवायची, पाच पुरुषांनी हात लावून येळकोट येळकोट करत ते वर उचलायचं. आमच्या घरात आजोबा गेल्यापासून वडील, दोन चुलते, एक चुलतभाऊ आणि मी असे बरोबर पाच होतात. मी हात लावला नाही तर चौघं थांबतात आणि आई दारात उभी राहून माझ्याकडं बघते. मी हात लावतो. कपाळाला भंडारा लावून घेतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही, आईवडलांवर माझा जीव आहे. पण माझ्या मनात काय चाललंय हे त्या घरात मी कुणाशी बोलू? आईला सांगितलं तर ती म्हणणार आमचं काय चुकलं रे. मित्राला सांगितलं तर तो गावभर करणार. मळ्यात, पारावर, दूध डेअरीवर, लग्नात, कुठंही हा विषय काढायची सोय नाही.

काका, तुम्हाला रात्री दोनच्या पहाऱ्याला सुद्धा जोडीदार आहे. मला आख्ख्या तालुक्यात एक माणूस नाही ज्याच्याशी मी यावर मोकळं बोललोय. म्हणून मी दुसऱ्याच नावानं आयडी काढला आणि तिथं लिहितो. वर्षभर साठलेलं असतं ते एका कमेंटीत बाहेर पडतं, त्यामुळं लांब होतं. यवतेश्वरवाले दादा, तुम्हाला निम्मे नास्तिक दिसतात त्याचं माझ्या मते मुख्य कारण हे आहे. देव मानणाऱ्याला बोलायला देऊळ आहे, पार आहे, घर आहे, मंडळ आहे. न मानणाऱ्याला ही एकच जागा आहे, त्यामुळं सगळे तिथंच जमलेले दिसतात. आणि मी एकटाच तुम्हाला पाच ठिकाणी भेटत असणार, हे हळदपेठवाले म्हणाले ते खरंच आहे.

अजून एक, जे इथं सातारकर असून कुणी बोललं नाही. दाभोलकर डॉक्टर तुमच्या साताऱ्याचे. १९८९ ला अंनिस, म्हणजे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दिवसापासून माझ्या घरात "असलं काय लिहू नको, नाव तर अजिबात टाकू नको" हे वाक्य कायमचं आलं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अठरा वर्षं झगडत होते त्याचा अध्यादेश ते गेल्यावर चार दिवसात निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात कायदा झाला. खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडलं, दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. त्यामुळं आम्ही नाव लपवून लिहितो ते भेकड म्हणून लिहितो असं समजू नका.

आणि त्यांचं म्हणणं तरी नीट वाचा. देव मानू नका असं अंनिसनं कधी सांगितलं नाही. देव मानणं हा घटनेनं दिलेला अधिकार आहे, आमचा विरोध त्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला, ही त्यांची जाहीर भूमिका होती. पण ऑनलाईन काय होतं, एखादा बुवा पकडला, त्याच्यावर चार जणांनी कडक लिहिलं की वाचणाऱ्याला ते चौघंही नास्तिक वाटतात. त्यातले तीन जण दर वर्षी वारीला जाणारे असू शकतात. म्हणजे तुम्ही जे निम्मे मोजले त्यात किती खरे नास्तिक आणि किती नुसते चिडलेले भाविक हे परत एकदा बघा.

---

कृष्णाघाट_मिरज

आत्तापर्यंतची सगळी उत्तरं वाचली, चांगली आहेत, पण एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटलीय. या असल्या चर्चांत बायका किती असतात? आस्तिक असोत नाहीतर नास्तिक, लिहिणारे बहुतेक पुरुषच. आणि घरातला धर्म कोण चालवतं? आम्ही.

माझे सासरे उघडपणे नास्तिक आहेत. चांगला माणूस, वाचणारा, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांनी देव मानत नाही म्हटल्यावर घरात काय बदललं? काहीच नाही. त्यांच्या न मानण्यानं कुठलं काम अडत नाही. आता मी उद्या म्हटलं की मीही मानत नाही, तर संध्याकाळी दिवा कोण लावणार, श्रावणातल्या सोमवारचं कोण बघणार, गौरी कोण बसवणार? आमच्याकडं गौरीला सोळा भाज्या, पुरणपोळी, पाच कोशिंबिरी, आदल्या रात्रीपासून पुरण शिजत असतं, दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला सगळी गल्ली. एवढं सगळं एका वाक्यानं थांबतं का? पुरुषानं नास्तिक होणं म्हणजे एक मत बदलणं, बाईनं व्हायचं म्हणजे आख्ख्या घराची घडी बदलणं. म्हणून बाई बोलत नाही. मी काय मानते हे लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मला कुणी विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

उलट बाजूही आहे. ज्या बायका मनापासून मानतात, त्यांना तरी कुठं कुणी विचारतं का की तुम्ही का मानता? माझी आई दर गुरुवारी औदुंबरला जायची, पहाटेची एसटी पकडून, नदीवर पाय धुऊन दर्शन घेऊन दुपारच्या स्वयंपाकाला परत. तिला त्यातून काय मिळायचं ते तिला माहीत होतं, पण ते चार वाक्यांत मांडून वादात टिकवायची तिला सवय नव्हती. तिच्यासारख्या बायका या मोजणीत शून्य. दादा, तुमचा भाचा आजीशी बोलत नाही म्हणालात ना, त्याला म्हणावं तिला एकदा विचार तरी, तुला देवापुढं बसल्यावर काय वाटतं म्हणून. वाद घालायला नाही, नुसतं विचारायला.

आणि मिरजेत तर हा आस्तिक-नास्तिक हिशोब बसवायचाच कसा मला कळत नाही. मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, सगळ्या जातीधर्माची माणसं दर्ग्यात येतात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथं रात्ररात्र गाणं चालतं. तिथं बसलेल्यातले किती जण देव मानतात म्हणून आलेत, किती जण गाण्याला आलेत, किती जण लहानपणापासून येतात म्हणून आलेत, हे त्यांचं त्यांना तरी सांगता येईल का? अशी मधली माणसंच सगळ्यात जास्त आहेत असं मला वाटतं, आणि वादात मधल्या माणसाला बोलायला जागाच नसते. तिथं हो म्हणायचं नाहीतर नाही म्हणायचं.

---

सातारारोड_एक्स्प्रेस

ताईंनी मधल्या माणसांचं म्हटलं त्यावरून लिहितो. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धवंदना आहे. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी आहे. त्यामुळं लहानपणापासून देव नाही हे वाक्य मला घरातच मिळालं, त्यासाठी मला विटेकर भाऊंसारखं नाव लपवायला लागलं नाही. आमच्या वस्तीत ते बोलायला माणसं आहेत, विहार आहे, बुद्धपौर्णिमेला खीर आहे.

पण मोजणीत बघा काय होतं. ऑनलाईन मी देव मानत नाही असं लिहिलं की मी नास्तिकांच्यात. जनगणनेत मी बौद्ध. २०११ ला महाराष्ट्रात ६५ लाख बौद्ध होते. हळदपेठवाले ज्या प्यूच्या पाहणीबद्दल बोलले तिच्यातच देशातल्या एक तृतीयांश बौद्धांनी देव मानत नाही असं सांगितलंय. करा हिशोब, साडेनऊ हजार कुठं आणि हे लाखो कुठं. आणि सांगलीत तर जैन समाज एवढा मोठा आहे, जगाचा कर्ता असा कुणी ईश्वर त्यांचं तत्त्वज्ञान मानत नाही, तरी पहाटे मंदिरात जाणारी, पर्युषणात कडक उपास करणारी माणसं आहेत ती. देव न मानणारे सगळे धर्म सोडलेले असतात हे गृहीतच चुकीचं आहे, निदान आपल्या दोन जिल्ह्यात तरी.

आणि जाता जाता, साताऱ्याच्या ज्या शाळेत बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून आजही आहे, तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाच्याला सुट्टीत घेऊन जावा.

---

यवतेश्वरचा_वारा (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मोकळं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. विटेकर भाऊ, तुमचं तळीचं वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो. तरडगावच्या काकांचंही तसंच. मला तर वाटतं तुम्ही दोघं समोरासमोर बसलात तर भांडण होणारच नाही.

भाच्याला हे सगळं वाचायला पाठवलंय. त्यानं एवढंच विचारलं की मग मी कुणाचं वाचू. काही सुचवाल का?

---

घाटमाथा_विटेकर (जि. सांगली)

कराडलाच आहे ना तो? मग आगरकरांपासून सुरू करू दे. टेंभू गाव कराडजवळच, आता सगळ्यांना ते उपसा सिंचन योजनेमुळं माहितीय, पण आगरकर तिथले, १८५६ चा जन्म. केसरीचे पहिले संपादक, टिळकांशी पटेना म्हणून बाहेर पडून १८८८ ला सुधारक काढलं. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली तरी नावानिशी लिहीत राहिले, आणि चाळिशी पण गाठली नाही. पण त्याला हेही सांगा की आगरकरांचा रोख रूढींवर होता, केशवपन, बालविवाह असल्या गोष्टींवर, आजीच्या जपमाळेवर नाही.

काका, यंदा पालखी तरडगावला असेल तेव्हा मी यायचं म्हणतोय. देव मानायला नाही, तुमचा तो पहारा बघायला आवडेल, पण तो सप्ताहात असतो ना?

---

तरडगावचा_माळकरी (ता. फलटण)

सप्ताहातच. पालखीत गर्दी फार, बोलणं होणार नाही. सप्ताहाला या, रात्रीच्या पहाऱ्याला माणूस कमीच पडतो. मानता का नाही हे मी विचारणार नाही, वीणा तेवढी नीट धरायची. मुक्काम आमच्याकडंच.

---

कृष्णाघाट_मिरज

हळदपेठ, एक विचारायचं राहिलं. आता २०२७ ची जनगणना होतीय ना, त्यात तरी प्रत्येकाला आपापलं सांगता येईल का? का परत एकच माणूस सगळ्यांचं सांगणार?

---

हळदपेठ (सांगली)

ताई, यावेळी मोबाईलवरून स्वतः माहिती भरायची सोय देणार आहेत, पण फॉर्म कुटुंबाचा एकच असणार, त्यामुळं भरणारा शेवटी एकच माणूस. धर्म सांगायची सक्ती मात्र कुणावर नाही. २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की मला कुठलाही धर्म नाही असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकार कुणाला धर्म लिहायला भाग पाडू शकत नाही. फक्त ते घरातल्या भरणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवावं लागेल.

---

कृष्णाघाट_मिरज

म्हणजे आमच्याकडं सासरेच भरणार. त्यांना सांगते, प्रत्येकाला विचारून भरा, मला पण विचारा. काय सांगायचं ते तोपर्यंत ठरवते.